दहा, तोम्मिदी, आठ...

आमच्या घरातून रोज सरासरी सतरा रॉकेटं सुटतात. श्रीहरिकोट्याला असा आकडा स्वप्नातसुद्धा दिसत नसेल. आमचं अवकाश केंद्र नामपल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, आजीच्या दिवाणावर आहे. इथे ना हवामान आडवं येतं, ना इंधनाची गळती. आडवी येते ती फक्त माझी झोप. सतराही रॉकेटं चंद्रावर पोचतात, सुखरूप घरी येतात, आणि शेवटचं पान मिटायच्या आत मुख्यालयातून हुकूम सुटतो, "आबा, पलत!"

मुख्यालय म्हणजे नातू गोट्या, वय सव्वादोन. त्याच्यावर देखरेख करणारं वरिष्ठ कार्यालय म्हणजे त्याची बहीण चिमी, वय चार. मी या केंद्रातला एकमेव कायम कर्मचारी. पस्तीस वर्षं सरकारी लेखा विभागात बसून मी लोकांची बिलं 'परत' पाठवली. म्हातारपणी तोच शब्द माझ्यावर उलटलाय.

पुस्तक मुलाच्या ऑफिसातल्या कुणीतरी गोट्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला दिलं. जाड पुठ्ठ्याची दहा पानं, गोल कोपरे, आणि खाली पडलं तर फरशीची काळजी वाटावी अशी बांधणी. पहिल्या पानावर लाल रॉकेट, रॉकेटला डोळे. दुसऱ्यावर एक अस्वल आत बसतं. तिसऱ्यावर ते पट्टा लावतं. चौथ्यावर उलटी मोजणी, पाचव्यावर पिवळ्या-नारिंगी ज्वाळा, सहाव्यावर जांभळं आकाश, सातव्यावर हसरा चंद्र. आठव्यावर अस्वल चंद्रावर उड्या मारतं, नवव्यावर घरी निघतं आणि दहाव्यावर दूध पिऊन झोपतं.

चांद्रयान-3 हे 14 जुलै 2023 रोजी निघालं आणि 23 ऑगस्टला चंद्रावर उतरलं. चाळीस दिवस. आमचं अस्वल सातव्या पानावर पोचतं. लेखा विभागातल्या माणसाच्या मनाला हे लागतं. "एवढ्या खर्चाला मंजुरी कुणी दिली?" असं मी पहिल्याच वाचनात मोठ्यानं विचारलं. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, ते अस्वल आहे."

मला कामावर रुजू करून घेण्याआधी सूनबाईनं रीतसर प्रशिक्षण दिलं होतं. "नुसतं वाचायचं नाही बाबा. आवाज काढायचे. चित्रावर बोट ठेवायचं. आणि मधे मधे थांबून विचारायचं, आता पुढे काय होईल?"

मी आज्ञाधारकपणे तिसऱ्या पानावर थांबलो. "चिमे, आता पुढे काय होईल?"

"तू झोपणार."

चार वर्षांच्या मुलीला भविष्य कळतं, याचा तो पहिला पुरावा. दुसरा पुरावा पाचव्या मिनिटाला मिळाला. मी आडवा पडून पुस्तक तोंडावर धरून वाचत होतो आणि सहाव्या पानावर हात सुटला. पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे कोपरे मुलांना लागू नयेत म्हणून गोल केलेले असतात. आजोबांच्या नाकाचा विचार तिथे कुणी केलेला नसतो. चष्म्याची एक काडी गेली. गोट्यानं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "पलत!"

यातून सुटायचा एक मार्ग मला नोकरीतल्या अनुभवावरून माहीत होता. तीनतीनशे पानांच्या फायली मी न वाचता पुढे सरकवल्या आहेत, कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा दहा पानांतली दोन पानं गाळायला कितीसा त्रास होणार? मी तिसऱ्यावरून थेट सहाव्यावर गेलो. दिवाणावर शांतता पसरली. ज्याला अजून स्वतःची चड्डी नीट घालता येत नाही त्या लेखापरीक्षकानं माझ्या हातून पुस्तक घेतलं, दोन पानं उलटी फिरवली, चौथ्या पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. असा पाहणारा माणूस आमच्या विभागात एक असता, तर माझी नोकरी पस्तीस वर्षं टिकली नसती.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण वाचायचं मराठीत. हा आजीचा हुकूम. "बाहेर काहीही बोला, घरात मराठी!" आता हैदराबादेत चार पिढ्या काढलेल्या माणसाची मराठी कशी असते, हे पुण्याच्या नातेवाइकांना विचारावं. मागे आमची एक आतेबहीण पुण्याहून आली होती. तिनं कौतुकानं गोट्याला लाडू पुढे केला.

"नक्को," गोट्या म्हणाला.

"नक्को नाही रे बाळा, नको म्हणावं."

"नक्को!"

तिचा चेहरा उतरला. मी तिला समजावलं, की दखनीतलं 'नक्को' हे मुळात आपल्याच 'नको'वरून आलंय. कधीकाळी आपण उसना दिलेला शब्द एक 'क' जास्त घेऊन घरी परत आलाय. याला लेखा विभागात व्याजासह वसुली म्हणतात. तिनं लाडू स्वतः खाल्ला.

तिसऱ्या आठवड्यात चंद्राला ग्रहण लागलं. राहू-केतूंचा काही संबंध नव्हता, गोट्याच्या दाढा येत होत्या. सोमवारी चंद्राचा उजवा गाल गेला. बुधवारी अष्टमी. शनिवारी सातव्या पानावर फक्त एक ओलसर कोर उरली आणि रविवारी सकाळी अमावास्या झाली. अस्वल आठव्या पानावर कशावर उड्या मारतंय, तेच कळेना.

रविवारी अबिड्सला दुकानांची शटरं खाली असतात आणि त्यांच्यापुढच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. अभियांत्रिकीची जाडजूड पुस्तकं, मोडक्या कादंबऱ्या, कुणाकुणाची सही असलेले शब्दकोश. त्या ढिगात मला लाल रॉकेट दिसलं. तेच डोळे, तेच अस्वल. उचलून पाहिलं तर कडेला बारीक खड्ड्यांची रांग.

"ये क्या है?" मी विचारलं.

"सिंगल ओनर है साब," विक्रेता म्हणाला. "एकीच बच्चा पढ़ा."

"दात के निशान हैं."

"दिल लगा के पढ़ा ना साब."

या युक्तिवादापुढे मी पाकीट काढलं. घरी येऊन पाहतो, तर आधीच्या मालकानं ज्वाळांचं पान मुळापासून वाचून टाकलेलं. म्हणजे आमच्या पहिल्या पुस्तकात रॉकेट सुटतं, पण पोचायला चंद्र नाही. दुसऱ्यात चंद्र आहे, पण रॉकेट सुटतच नाही. दोन्ही मांडीवर घेऊन, पाचवं पान इथलं आणि सातवं तिथलं असं वाचलं, की एक मोहीम पुरी होते. दोन सरकारी खात्यांचा समन्वय यापेक्षा वेगळा नसतो. फक्त रोजच्या सतरा उड्डाणांची आता चौतीस झाली.

रोज चौतीस वेळा तेच वाचायचं, तर मधे थोडं ज्ञान का मिसळू नये, असं माझ्या मनात आलं. ही सगळ्या आजोबांची खोड आहे. नातवंडाला नुसता आनंद होतोय असं दिसलं, की त्यांना अपराधी वाटायला लागतं. मी रात्री जागून माहिती गोळा केली आणि सकाळी सुरुवात केली.

"चिमे, आपल्याच हैदराबादच्या स्कायरूट नावाच्या कंपनीनं एक रॉकेट बनवलं. विक्रम-एस. 18 नोव्हेंबर 2022 ला ते श्रीहरिकोट्याहून उडालं आणि 89.5 किलोमीटर उंच गेलं. खासगी कंपनीनं बनवलेलं आपल्या देशातलं पहिलं रॉकेट!"

"त्यात अस्वल होतं?"

"नव्हतं."

"मग कोण होतं?"

"कुणीच नव्हतं."

चिमीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी रिकामी व्हाउचरं पाहत असे.

मी हार मानली नाही. 1963 साली केरळात थुंब्याला आपल्या देशातून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा तिथल्या चर्चमध्ये कार्यालय होतं आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेत असत, हे सांगितलं. "त्या सायकलला मागे दोन छोटी चाकं होती?" चिमीनं विचारलं. हे मला माहीत नव्हतं. मग मी हुकमाचं पान काढलं. 1981 साली आपला 'ॲपल' नावाचा उपग्रह चाचणीसाठी चक्क बैलगाडीवर ठेवला होता. लोखंडी गाडीनं चाचणीत घोळ होऊ नये म्हणून लाकडी बैलगाडी!

इथे मात्र गोट्याचेही डोळे चमकले. "हम्मा?"

"हो, हम्मा."

"बैलाचं नाव काय?" चिमी.

"माहीत नाही."

"बैल वर गेला?"

"नाही. बैल खालीच राहिला."

"का?"

गेले तीन महिने आमच्या घरात भारतीय अवकाश कार्यक्रमाविषयी एवढीच चर्चा चालू आहे. बैलावर अन्याय झाला, असं चिमीचं मत आहे. आमच्या लहानपणी चंद्राची माहिती 'चांदोबा' मासिकातल्या वेताळाइतकीच खरी वाटायची. ते मासिकही मूळ इकडच्या तेलुगूतून आणि तमिळमधून 1947 साली सुरू झालेल्या 'चंदामामा'चं मराठी भावंड. तेव्हा चंद्राच्या बाबतीत या भागाचं आमच्यावर जुनं ऋण आहे. मी ते फेडायचं ठरवलं आणि दोघांना घेऊन नौबत पहाडावरच्या बिर्ला तारांगणात गेलो. 1985 पासून हैदराबादची पोरं तिथे माना वर करून बसतात. दिवे मंद झाले, घुमटावर तारे उगवले आणि त्या गंभीर अंधारात गोट्याचा आवाज घुमला, "आबा, लाईट लावा!" पुढच्या रांगेतले दहाबारा लोक ब्रह्मांडातून माझ्याकडे वळले. मी त्याला घेऊन बाहेर आलो, तसा तो आत जायला रडू लागला. "पलत!"

पण खरा गोंधळ चौथ्या पानावर आहे. उलटी मोजणी.

गोट्याला आकडे पुढेच जाताना माहीत आहेत. तो दहापासून सुरुवात करतो आणि "दहा, अकला, बाला" असा निघून जातो. या हिशोबानं आमचं रॉकेट कधीच सुटणार नव्हतं. मग घरातल्या प्रत्येकानं मुलाला शिकवायची जबाबदारी स्वतःवर घेतली. आजीनं मराठीत सुरुवात केली. सूनबाईनं शाळाप्रवेशाच्या दृष्टीनं इंग्रजीत. सकाळी कामाला येणाऱ्या अम्मा भांडी घासता घासता ऐकत होत्या. त्यांना राहवेना. "अट्ला काद सार," म्हणजे असं नाही, म्हणत त्या हात पुसून आल्या आणि पदि, तोम्मिदि, एनिमिदि असं तेलुगूत मोजू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खाला आवाज ऐकून वर आल्या. "अमा भाईसाब, रॉकेट उडा कि नैं अब्बी तक?" त्या दारातच बसल्या आणि दस-नौ सुरू केलं.

1956 साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्याला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्राला. तशीच त्या सकाळी आमच्या दिवाणावर दहा आकड्यांची झाली. आणि प्रत्येक वाटणीत असतो, तसा सीमाप्रश्न इथेही निघाला.

"आठ माझं," आजी म्हणाली.

"आठ तो हमारा बी है," खाला.

सात, चार, तीन आणि एक याच पट्ट्यातले, दोघींच्या मालकीचे. शेवटी पंच म्हणून चिमीनं निकाल दिला. तो आजवर बदललेला नाही. दहा, तोम्मिदी, आठ, सेवन, छे, ऐदु, चार, तीन, टू, ओकटी, आणि शून्याला 'सुन्ना!' चार भाषा, एक रॉकेट. 'सुन्ना'ला गोट्या आजीची पावडर डब्यातून हवेत उडवतो, म्हणजे धूर होतो. मग सूनबाई ऑफिसच्या मीटिंगमधून माइक बंद करून ओरडते.

ही उलटी मोजणी लोकप्रिय कुणी केली, ते मी शोधलं. वाटलं होतं, कुणी थोर शास्त्रज्ञ निघेल. निघाला फ्रिट्झ लांग नावाचा सिनेमावाला. चंद्रावर जाणाऱ्या एका बाईवर त्यानं 1929 साली जर्मनीत मूकपट काढला आणि प्रेक्षकांचा श्वास रोखून धरायला आकडे उलटे मोजले. प्रेक्षकांचा श्वास रोखला असेल. माझा लागला.

माणसानं चूक करायची तर एकच करावी. मी त्या भरात दुसरी केली. एका दुपारी अस्वल घरी परत येत असताना मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, "अस्वलाच्याही आधी एक कुत्री गेली होती बरं का अवकाशात. लायका. 3 नोव्हेंबर 1957."

"मग परत आली?" चिमीनं विचारलं.

मराठीत 'परत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गोट्या एक वापरतो, चिमीनं दुसरा वापरला. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. चार डोळे माझ्याकडे पाहत होते. स्वयंपाकघराच्या दारातून आणखी दोन.

"आली ना," मी म्हणालो.

"कशी?"

"गाडीनं."

"कुठल्या गाडीनं?"

"संध्याकाळच्या. नामपल्लीला उतरली."

खोटं बोलायचं तर सविस्तर बोलावं, ही सरकारी सवय. रात्री पुन्हा वाचताना कळलं, की बेल्का आणि स्ट्रेल्का नावाच्या दोघी कुत्र्या 1960 साली अवकाशातून खरोखरच सुखरूप परत आल्या होत्या. एवढा खणखणीत पुरावा हाताशी असताना मी बनावट व्हाउचर लावलं होतं. पण आता इलाज नव्हता. लायका नामपल्लीला उतरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टेशनवर.

आमचं नामपल्ली स्टेशन 1907 चं, निजामाच्या काळातलं. कागदावर त्याचं नाव हैदराबाद डेक्कन आहे, पण ते पत्ता सांगताना कुणी वापरत नाही. इथे रूळ संपतात. गाडी येते ती इथे येऊन थांबते, पुढे जायला जागाच नाही. मी तीन फलाट तिकिटं काढली. खिशात उस्मानिया बिस्किटं, काखेत दोन पुस्तकं, एका हातात गोट्या. फलाटावर पोचेपर्यंत वाटत होतं, पोरं विसरतील. तेवढ्यात चहाच्या ठेल्याखालून एक तपकिरी कुत्री उठली, आळस देऊन आमच्याकडे आली आणि उभी राहिली.

"लायका!" चिमी किंचाळली.

कुत्रीनं शेपूट हलवलं. नाकारण्यात तिला काही फायदा दिसत नव्हता. तिनं तीन बिस्किटं खाल्ली. चिमीनं तिला विचारलं, वर भीती वाटली का. लायकानं जांभई दिली. माझ्या शेजारी बॅगेवर बसलेल्या एका काकांनी मला हळूच विचारलं, "वर म्हणजे कुठे?" मी म्हणालो, "अंतराळात." ते बॅग घेऊन दोन बाक पलीकडे गेले.

समोर मुंबईची हुसेनसागर एक्स्प्रेस उभी होती. लाल-निळी, लांबलचक, खिडक्याखिडक्यांतून माणसं. गोट्यानं पुस्तक उघडून चौथं पान काढलं आणि गाडीकडे बोट दाखवलं. पुढचं मला टाळता आलं नाही. आम्ही तिघं फलाटावर उभे राहून मोजू लागलो. दहा, तोम्मिदी, आठ, सेवन, छे, ऐदु, चार, तीन, टू, ओकटी, सुन्ना!

गाडी हलली नाही. गाडीची काही चूक नव्हती. तिची वेळ झाली नव्हती, आम्हीच आधी आलो होतो.

"पलत," गोट्या म्हणाला.

आम्ही पुन्हा मोजलं. मग पुन्हा. चौथ्या खेपेला खिडकीतल्या एका आजींनी 'तोम्मिदी'चा सूर धरला. सहाव्याला डब्याच्या दारात उभी असलेली कॉलेजची पोरं 'सेवन'ला एकत्र ओरडायला लागली. आठव्याला हमालानं डोक्यावरची बॅग खाली ठेवून 'छे' म्हटलं. मघाचे ते काका तेवढे लांबून पाहत होते. अकराव्या खेपेला सगळा डबा 'सुन्ना' म्हणून गरजला आणि गाडी हलली.

गोट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लेखा विभागातल्या पस्तीस वर्षांत माझ्या सहीनं एवढी मोठी वस्तू कधी जागची हलली नव्हती. दूर जाणाऱ्या दारातून मघाचे काका हात हलवत होते. त्यांचेही ओठ हलत होते. मला वाटतं, ते 'सुन्ना'च म्हणत होते.

"गाडी कुठे गेली आबा?" चिमीनं विचारलं.

"मुंबईला."

"चंद्र लागतो मधे?"

"नाही. वाडी, मग सोलापूर."

तिची काही तक्रार नव्हती. कुठे पोचायचं याच्याशी दोघांनाही कधीच कर्तव्य नव्हतं. तो खर्च आम्ही मोठ्यांनी विनाकारण त्यांच्या खात्यावर टाकलेला. त्यांना सुटायचा क्षण हवा होता, तो मिळाला. गोट्यानं पुस्तक मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या रुळांवर बोट ठेवलं. तो काय म्हणाला, हे आता सांगायची गरज नाही.

तेव्हा तुम्ही कधी दुपारच्या हुसेनसागरनं मुंबईला निघालात आणि फलाटावर काडी मोडलेला चष्मा घातलेला एक म्हातारा दोन पोरांसह चार भाषांत उलटे आकडे मोजताना दिसला, तर बॅग घेऊन पलीकडे जाऊ नका. 'सुन्ना'ला आवाज द्या. आणि खिशात एखादं उस्मानिया बिस्किट असेल, तर चहाच्या ठेल्याखाली लायका आहे, तिला द्या. फार लांबून आलीय.